कारंजं कुणी बंद केलं?

मी एक जुनी गळाची काठी आहे. खरं तर अर्धीच. माझा शेंडा तळ्याच्या गाळात गेला, बुंधा तेवढा उरला आणि तोच तुमच्याशी बोलतो आहे. मित्रांनो, अशी गोष्ट सांगताना आवाज मऊ ठेवायचा असतो, हे मला ठाऊक आहे. मला जमणार नाही. ज्याला गोडगोड ऐकायचं असेल त्याने खुशाल पलीकडे घसरगुंडीवर जावं.

माझा जन्म बांबूच्या बेटातला. एका म्हाताऱ्याने मला तोडलं, सावलीत वाळवलं आणि निखाऱ्यावर शेकून शेकून सरळ केलं. शेक लागला की मी तडतडायचे. तेव्हा तो हसून म्हणायचा, "फार रागीट आहेस गं बाई. असू दे. रागीट बांबू लवकर मोडत नाही." बिचाऱ्याचं तेवढं एक चुकलं.

तिथून मी या बागेत आले. बागेत एक तळं आहे, तळ्याच्या मधोमध कारंजं आणि काठावर पत्र्याची खोली. खोलीत आम्ही काठ्या ओळीने टांगलेल्या असायचो. खोलीवाले काका आम्हाला ज्याला हवं त्याला देत. तळ्याच्या खोल बाजूला जाणती माणसं बसत, उथळ बाजूला नवशिके. माझ्या नशिबी नवशिके! माझा गळ पाण्यात कमी आणि भलतीकडेच जास्त अडकला. सदऱ्यात अडकला, झाडात अडकला, एकदा एका बाईंच्या अंबाड्यात अडकला. पोरांनी मला तलवार केलं, चिखल ढवळायची काठी केलं. कधी मासा लागलाच, तर सगळे माशाचं कौतुक करायचे. वाकत होते मी, ताण सोसत होते मी, पण काठीला शाबासकी द्यायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही.

एक गोष्ट मात्र या तळ्यावर चांगली होती. इथे मासा घरी न्यायचा नाही, पकडायचा आणि सोडायचा. गळही बिनकाट्याचा, अलगद सुटणारा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, कोरड्या हाताने तो निघून जातो आणि मासा आजारी पडतो. म्हणून काका प्रत्येकाला बजावत, "आधी हात ओले, मग मासा." सोडतानाही फेकायचं नाही. दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवायचं आणि त्याने स्वतः शेपटी हलवली की मगच सोडायचं. काका म्हणत, "पाहुणा आहे, दारापर्यंत पोचवा." मोठमोठी माणसं गुडघाभर पाण्यात वाकून पाहुण्याला पोचवत. ते बघायला मला आवडायचं. हो, मलाही काही काही आवडतं!

आत्या याच उथळ बाजूला यायची. तिला दमा होता. भाचा तिला मोकळ्या हवेत बसवायला आणायचा आणि तो आत्या म्हणतो म्हणून सगळी बागच तिला आत्या म्हणायला लागली. ती नेहमी मलाच मागून घ्यायची. पिशवीत एका बाजूला पिठाच्या गोळ्या, दुसऱ्या बाजूला दम्याचा पंप. इतके महिने झाले, पण तिला एकही मासा लागला नव्हता. भाचा चिडवायचा, "आत्या, तू मासे पकडत नाहीस, त्यांना जेवायला घालतेस." ती म्हणायची, "एक दिवस लागेल रे. एक मासा हातात घेऊन त्याला दारापर्यंत पोचवीन, एवढंच हवंय मला."

तिच्या गोळ्या कोण खायचं, ते मला माहीत होतं. काणी! एका डोळ्याने अधू, तळ्यातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात म्हातारी मासळी. गोळी तेवढी हळूच काढून न्यायची आणि गळ तसाच ठेवायची. दोरा थरथरला की मला कळायचं, आल्या बाईसाहेब. आत्यालाही कळायचं. "खा गं, खा," ती म्हणायची, "पण एकदा तरी भेट."

आता रागाचं सांगते.

खोल बाजूला एक गृहस्थ बसत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. माणूस गळ टाकण्यात खरोखर पटाईत. म्हणेल तिथे गळ टाकून दाखवायचा. त्यांनी स्पर्धा ठरवली. नवशिके, जाणते, सगळ्यांसाठी. सगळ्यात वजनदार मासा पकडेल त्याला बक्षीस. इथपर्यंत ठीक होतं. पण उस्ताद म्हणाले, "कारंज्याने पाणी हलतं. आवाजाने मासे बिचकतात. आठवडाभर बंद ठेवू या." त्यांनी कारंजं बंद केलं आणि त्याच्या बटणाच्या खोक्याची किल्ली आपल्या खिशात टाकली. काकांनी नुसती मान हलवली. तोंड उघडायला काय झालं होतं त्यांना? मला तोंड नाही, त्यांना तर होतं!

मग सगळ्यांनी मासे जमवायला पिठाचे गोळे टाकायला सुरुवात केली. कुणी सकाळी टाकले, कुणी संध्याकाळी. माशांची पोटं भरली. ते फिरकेनात, म्हणून लोकांनी आणखी टाकले. काय म्हणावं या शहाण्यांना? उरलेलं पीठ तळाशी कुजू लागलं. आभाळ भरलेलं, उकाडा मरणाचा, वाऱ्याचं नाव नाही. पाणी हिरवं आणि आंबूस झालं. खोलीच्या दारात टांगलेल्या मलासुद्धा तो वास येत होता.

स्पर्धेच्या सकाळी उजाडलं आणि बघते तो काय, तळंभर मासे वर आलेले! पाण्याच्या वर तोंडं काढून उघडमीट, उघडमीट करत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो, टाळ्या! "मासे वर आले! भूक लागलीय त्यांना! टाका गळ!" सगळीकडून गळ पडले.

आत्याने माझा गळ टाकायला हात उचलला. समोर हातभर अंतरावर काणी होती. वाकून नुसता हात घातला असता तरी मिळाली असती, बक्षिसासकट. आत्याचा हात तसाच थांबला. ती काणीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची बोटं माझ्यावर अशी आवळली की मी करकरले.

"हे खायला आलेले नाहीत," ती ओरडली. "यांना दम लागलाय! मला कळतं, मला रोज लागतो. कारंजं सुरू करा!"

उस्ताद हसले. "आत्या, मासे पाण्यात राहतात. त्यांना कसला दमा?"

"अहो, पाण्यातली हवा संपलीय! कारंज्यानेच मिसळत होती ती. किल्ली द्या!"

"स्पर्धा होऊ द्या, मग देतो. थोडा वेळ थांबा."

नाक दाबलं की तोंड उघडतं, अशी म्हण आहे ना तुमच्यात? तळ्यातल्या प्रत्येक माशाचं नाक त्यांनी आठवडाभर दाबून ठेवलं होतं आणि वर म्हणत होते, थांबा.

आत्या थांबली नाही. चपलांसकट पाण्यात उतरली आणि मला दोन्ही हातांनी धरून पाण्यावर बडवू लागली. जन्मभर मला शिकवलं होतं, पाणी हलवायचं नाही, चाहूल लागू द्यायची नाही. त्या सकाळी मी पाण्याला असं झोडपलं की काठावरच्या बायका भिजल्या. तिला धाप लागली तरी ती थांबेना. भाचा पंप घेऊन धावला, तिने तो दातात धरून ओढला आणि पुन्हा मला उगारलं. लोक हसले, काहींनी मोबाईल काढले. मग भाच्यानेही एक काठी घेतली. मग आणखी दोघं उतरले. शेवटी काकांना लाज वाटली. त्यांनी दगडाने खोक्याचं कुलूप फोडलं आणि कारंजं उडालं. त्याच वेळी पाण्यावर बसलेल्या शेवटच्या दणक्यात मी मधोमध मोडले.

मला वाईट वाटलं नाही. रागच आला, की एवढ्या उशिरा का?

पुष्कळ मासे वाचले, कारंज्याखाली गोळा होऊन हळूहळू खाली गेले. काणी गेली नाही. आत्याने तिला दोन्ही ओल्या हातांत घेतलं, कारंज्याच्या पाण्यात धरलं आणि वाट बघत उभी राहिली. शेपटी हलेना. "चल गं," ती म्हणत होती, "दारापर्यंत आलो आपण. चल ना." भाच्याने हाक मारली, ती वळलीही नाही.

तेवढ्यात उस्ताद वजनकाटा घेऊन आले. अगदी मायेने म्हणाले, "आत्या, वजन करू या का? पहिला नंबर येईल तुमचा."

आत्याने त्यांच्या कोरड्या हातांकडे बघितलं. "आधी हात ओले करून या," ती म्हणाली आणि मग तिथेच पाण्यात रडली.

आता काकांनी मला कारंज्याच्या खोक्यापाशी जमिनीत रोवलं आहे. माझ्या अंगाला पाटी बांधली आहे : "कारंजं बंद करू नये." आत्या अजून येते, नवी काठी घेते, माझ्याशेजारी बसते. तिला अजून मासा लागलेला नाही.

आणि मित्रांनो, ऐका. परवाच एक गृहस्थ पाटीसमोर उभे राहून काकांना म्हणाले, "आवाज फार होतो हो. तासभर बंद करता का?" वाचता येत होतं त्यांना! या वेळी काकांनी तोंड उघडलं आणि चांगलं उघडलं. पण काका रोज नसतील, आत्याही नसेल. तुम्ही असाल. पाण्याकाठी बसायला या, नवशिके असलात तरी या. मात्र पाण्यात कुणी राहतं, हे विसरू नका आणि त्या खोक्याला हात लावू नका. मी अर्धीच उरले आहे, पण एखाद्याच्या पाठीत बसण्याइतकी लांब अजून आहे.