सोळा पानं कमी

मी एक कादंबरी बोलतेय, तीही शेवटची सोळा पानं नसलेली. जयपुरातल्या एका मराठी मंडळाच्या कपाटात माझा मुक्काम. नवी जिल्द बांधणारा ती पानं दुकानातच विसरला. त्यामुळे मी अर्धीच शिकलेली. माझा शेवट मलाच ठाऊक नाही.

माझ्या पोटातली गोष्ट अशी: एका बाईचं तान्हं बाळ जातं. ती आश्रमातून मुलगी आणते, वाढवते. मुलगी मोठी झाल्यावर तिला खरं सांगायचं की नाही? बाई तोंड उघडते आणि माझी पानं संपतात. वाचणारे चरफडतात, मी जिल्दीत खुदूखुदू हसते.

२००४ साली तिलक नगरच्या प्रतिमाताईंनी मला घरी नेलं. नवरा उमाकांत विम्यातले अधिकारी, बदलीवर आलेले. मुलगी मैत्रेयी अकरावीत. वाचता वाचता प्रतिमाताई पांढऱ्या पडल्या. गोष्ट त्यांच्याच घरची होती, आणि मैत्रेयीला त्यातलं काही माहीत नव्हतं.

“शेवट कुठाय हो?” त्यांनी मला उलटं धरून झटकलं.

“मी सांगतो. ती गप्प बसते, सगळे सुखी,” उमाकांत पेपरामागून म्हणाले.

“तुम्हाला वेळेवर चहा मिळाला की सगळे सुखीच दिसतात.”

चार दिवसांनी मैत्रेयीने मला उचललं. हिंदी शाळेतली पोर, ‘ळ’ आला की ठेच लागल्यासारखी थांबायची. पण पुरं वाचलंन आणि मला काखेत मारून स्वयंपाकघरात गेली.

“आई, ती बाई सांगते का? मतलब, सांगायला पाहिजे ना?”

उमाकांत खोकले. खोटं खोकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. प्रतिमाताईंनी गॅस बंद केला. “सांगते,” म्हणाल्या, आणि स्वतःचंच सांगितलं. सांगलीचा आश्रम, त्याआधी गेलेला मुलगा, सगळं.

मैत्रेयीने खोलीचं दार लावून घेतलं. दोन तास. मीसुद्धा थट्टा विसरले. बाहेर आली ती डोळे सुजवून.

“आधी का नाही सांगितलं?”

“तू जाशील म्हणून भ्यायले गं.”

“कुठे जाणार? परवा केमिस्ट्रीची टेस्ट आहे.” मग हळूच म्हणाली, “माझ्या भावाचं नाव काय होतं?”

“नव्हतं. बाराव्या दिवशी बारसं करायचं, तो नऊच दिवस राहिला.”

“मग आपण ठेवू.” तिने आईच्या कानाशी ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं: तन्मय.

बारशात नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्के घालतात, एवढं उमाकांतांना बरोबर आठवलं. त्यांनी पोरीच्या पाठीत बुक्के घातले, आणि मग तिच्याच खांद्यावर डोकं टेकून हमसून रडले. ‘ती गप्प बसते’ म्हणणारे गृहस्थ ते हेच! घुगऱ्या भिजवायला वेळ कुणाला? प्याज कचोरी आली. तिच्या तेलाचा डाग मी अंगावर मेडलसारखा मिरवते.

सध्या मी विद्याधर नगरात द्वारकाबाईंकडे आहे, आणि मागे पाच जणांची रांग आहे. तुम्हीही या. विनंती एकच: मला संपवलंत की लगेच कपाटात ठेवू नका. शेजारच्या खोलीत तुमचंच कुणीतरी बसलेलं असेल, त्याला हाक मारा.