उत्तरपत्रिकेतल्या नांग्या

"सर, हा पेपर तुम्ही स्वतः दिलात तर किती मार्क पडतील?"

पैज माझ्या मैत्रिणीची, राणीची होती. "विचारलंस तर आठवडाभर वडापाव माझ्याकडून," म्हणाली. मागच्या वर्षी मी वर्गात तोंड उघडत नव्हते. आता उभी राहून सरळ विचारलं! अख्खा क्लास गार. बायोलॉजीचे विश्वजित सर चिडतील असं वाटलं, पण खडू ठेवत म्हणाले, "बघूच. रविवारच्या सराव पेपरला तुमच्यासोबत बसतो."

आणि खरंच बसले, कराडच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर. एकशेऐंशी प्रश्न, तीन तास. बरोबर आलं तर चार मार्क, चुकलं की एक वजा, कोरं सोडलं तर शून्य. नीटला तीनच आठवडे उरलेले आणि माझी गाडी चार रविवार चारशेपंधराच्या पुढं हलत नव्हती. डॉक्टर होणार म्हणून सगळ्या भावकीला सांगून बसलेय मी! शेवटच्या अर्ध्या तासात न येणाऱ्या प्रश्नांचेही गोल अंदाजानं भरत गेले. एकही गोल कोरा सोडला नाही.

सोडणार कशी? पप्पांचा ऊस आहे. उगवण झाली की ते सरी-सरीनं फिरतात आणि जिथं कोंब फुटला नाही ती मोकळी जागा, म्हणजे नांगी, रोप लावून भरतात. दर रविवारी माझ्या उत्तरपत्रिकेच्या कार्बन कॉपीवरूनही तसंच बोट फिरवतात. "एक पण नांगी न्हाई! वाघीण हाय माझी." मार्क नंतर विचारतात.

पेपर तपासले. मला परत चारशेपंधराच. सरांना पाचशेसत्त्याऐंशी, आणि सत्तावीस प्रश्न कोरे!

"फिजिक्सचं आणि माझं बारावीपासून वाकडं आहे," ते हसले. मग माझा कागद घेतला. "संयोगिता, एकसष्ट चुका. त्यातले चौदा तर तुला येणारे प्रश्न. परत तपासले का नाहीस?"

वेळ कुठं होता? तो न येणारे गोल भरण्यात गेला होता. चौदा प्रश्न, वजा झालेले धरून सत्तर मार्क. एसटीत बसून तेच आकडे परत परत मोजले. मार्कांचं एक वेळ सांगता येईल, पण गोल कोरे सोडायला हवेत, हे पप्पांना कसं सांगायचं?

घरी आई भाकरी थापत होती. पप्पांनी चष्मा लावून हात पुढं केला. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.

"भरलंय की सगळं. मग तोंड का पाडलंयस?"

"पप्पा, सरांनी सत्तावीस सोडले."

"मास्तरनं? मग त्यो शिकवतोय काय?"

"मार्क माझ्यापेक्षा जवळजवळ पावणेदोनशेनं जास्त आहेत त्यांना."

तव्यावर भाकरी टाकत आई म्हणाली, "आवं, वढ्याकडंच्या पाणथळीत तीनदा रोपं लावली, तीनदा कुजली. औंदा ती नांगी तुमीच सोडून दिली न्हवं?"

पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी सरांना विचारताना होते तशीच ताठ उभी राहिले.

"पुढच्या रविवारी मी नांग्या ठेवणार, पप्पा. नीटलाही ठेवणार. जे येतंय तेच भरणार आणि उरलेल्या वेळात ते दोनदा तपासणार. तुम्ही बोट फिरवा, नांग्या मोजा, रागवा. पण मी ठरवलंय."