पट्ट्यावरचे दात

मित्रांनो, माझ्या पट्ट्यावर माणसांच्या दातांच्या खुणा आहेत, बहुतेक दुधाच्या दातांच्या. ऐकून नाक मुरडलंत ना? मुरडा. माझी किळस करणारे तुम्ही काही पहिले नाही. मला स्वतःलाही एका गोष्टीची फार किळस आली होती, तीच आज सांगते.

मी चामड्याची एक जुनी बॅग आहे. भिवंडीत बाळाराम नावाचे कारागीर मागांचे चामडी पट्टे शिवत. मागाचा पट्टा दिवसभर हिसके खातो, म्हणून कच्चं काम त्यांना खपत नसे. त्या काळी गोदूबाई नावाची एक तरुण नर्स वज्रेश्वरीकडच्या पाड्यांवर मुलांना लस टोचायला जाई. तिची कापडी पिशवी एकदा ओढ्यात भिजली, सगळी औषधं नासली, तेव्हा ती बाळारामांकडे आली.

त्यांनी बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीच्या पाठीचं जाड कातडं निवडलं. एका दोऱ्याला दोन सुया लावल्या आणि प्रत्येक भोकातून दोन्हीकडून दोरा ओढला, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. कडांना चिंचोक्याची खळ लावून त्या लाकडाने घासल्या, हाताला काचेसारख्या लागेपर्यंत. बारा दिवस ते माझ्यावर खपले. मी किती वर्षं टिकेन असं गोदूबाईने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "दर दसऱ्याला एरंडेल पाजा. मग तुम्ही थकाल, ही नाही थकणार."

पुढची तीस-पस्तीस वर्षं मी डोंगर चढले. माझा पितळी खटका 'कट्' वाजला की पाड्यावरची पोरं कुडाआड दडत. गोदूबाई एकेकाला ओढून काढी, माझा पट्टा त्याच्या तोंडाशी धरी आणि म्हणे, "चाव. आणि डोंगराकडे बघ." पोर पट्टा चावी, रडू तिथेच अडे, आणि तोवर सुई टोचून झालेली असे. मग ती स्पिरिटने पट्टा पुसून पुढच्या पोराकडे वळे. स्वतःच्या नातवाला, भावेशलाही तिने असंच टोचलं. त्याचेही दात आहेत माझ्यावर.

मग ती निवृत्त झाली. मी आधी खुंटीला लटकले, नंतर माळ्यावर गेले. पालीने माझ्यात अंडी घातली. अंगावर हिरवट बुरशी चढली. गोदूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी दसऱ्याला ती आठवणीने मला खाली मागवून एरंडेल चोळायची.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर भावेशने बायकोसाठी, रुचिकासाठी, परदेशी कंपनीची चामड्याची बॅग मागवली. पांढऱ्या मऊ कापडात गुंडाळलेली आली. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. तिचे टाके माझ्यासारखेच दोन सुयांचे होते आणि कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. कुठल्याशा दूरच्या गावी तिलाही कुणी बाळाराम भेटला असणार.

दुसऱ्या दिवशी भावेशने मला माळ्यावरून काढलं. एका हातात तिला धरलं, दुसऱ्या हातात मला.

"वजन सारखं भरतंय," तो म्हणाला. "नवी परत पाठवतोय असं दाखवून हीच धाडू. पैसे परत, नवी बॅग आपली."

रुचिका म्हणाली, "अहो, आजींची आहे ती."

"आजीला आता दिसतंय काय?"

त्याने मला त्याच पांढऱ्या कापडात गुंडाळून नवीच्या खोक्यात भरलं. बाहेरच्या खोलीत जाऊन आजीला सांगितलं की बॅग उंदरांनी खाल्ली, टाकून दिली. मी खोक्यात पडून ऐकत होते. गोदूबाई एवढंच म्हणाली, "वास तरी घेऊ द्यायचा होतास रे."

खोकं भिवंडीजवळ राहनाळला, त्या कंपनीच्या गोदामात उघडलं. परत आलेला माल तपासायच्या टेबलावर सुवर्णा नावाची चाळिशीची बाई होती. तिच्या शेजारी चांगल्या बॅगांचा ढीग होता. एखादीवर नखाएवढा ओरखडा, एखादीचा फक्त डबा चेपलेला. सुपरवायझर बाबू त्यांवर आडवा कटर चालवत होता, कंपनीचा माल कुणाला स्वस्तात मिळू नये म्हणून. महिनोन्महिने कमावलेलं कातडं, कुणाच्या तरी बोटांचे टाके, सगळं एका फटक्यात चिरलं जात होतं. ते बघून मला शिसारी आली. पालीची अंडीसुद्धा इतकी नकोशी वाटली नव्हती.

सुवर्णाने मला उचललं. तिचा अंगठा पट्ट्यावरून फिरला आणि थांबला. मग तिने खटका लावला. कट्.

"ही आमच्या शिस्टरबाईंची हाय," ती म्हणाली. "हिच्यावर माझं दात हायत."

बाबू हसला. "तुझे? कुत्र्याचे असतील. काट डाल, आगे बढ."

"कापणार न्हाय. चुकीचा माल आलाय. नियम काय हाय? नाकारून ज्याचा त्याला धाडायचा."

बाबूने तिला बजावलं, की फोटो, फॉर्म यात तुझा अर्धा तास जाईल, शिफ्टचं काम अपुरं राहील आणि मी ते तुझ्या नावावर लिहीन.

"लिवा," ती म्हणाली आणि माझा फोटो काढायला लागली.

त्या लिहिण्यामुळे तिचं पुढे काय झालं, ते मला कळलं नाही. ते मला अजून टोचतं.

दसऱ्याच्या सकाळी खोकं घरी आलं. गोदूबाई ओट्यावर बसली होती, तिच्याच हातात पडलं. तिने आधी वास घेतला, मग कापड सोडलं. खटका वाजला तसा भावेश आतून धावत आला.

"आजी, त्या गोदामवाल्यांची काहीतरी..."

गोदूबाईने चाचपून पट्टा शोधला आणि त्याच्यासमोर धरला.

"चाव," ती म्हणाली. "लहानपणी रडू अडवायला चावायचास. आता खोटं अडव. मग बोल."

भावेशने चावला नाही. पट्टा हातात धरून तो ओट्यावर खाली बसला, आणि खरं ते बोलला.

पैसे परत मिळाले नाहीत, नवी बॅग घरातच राहिली. संध्याकाळी रुचिकाने एरंडेलाची वाटी आणली आणि माझी बुरशी पुसून आम्हा दोघींना तेल चोळलं. नवीने आधी जरा अंग चोरलं. शिकेल.

मित्रांनो, जे हाताने नीट घडवलेलं आहे ते कापू नका, लपवू नका, वर्षातून एकदा त्याला तेल पाजा. आणि माझ्या वासाने नाक मुरडू नका. त्या पांढऱ्या कापडाला कसलाच वास नव्हता, पण त्याच्याइतकं घाणेरडं काही माझ्या अंगाला आजवर लागलेलं नाही.