शेवटचं वाक्य राहिलं

बाकावर टकटक झाली, तसे कंपाउंडरकाका वाचता वाचता थांबले.

"काय चुकलं?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारले.

"चुकलं नाही काका, गाळलंत," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. वर्गात तिला सगळे टाचणी म्हणायचे. कुणाला कुठे टोचायचं हे तिला बरोबर कळायचं. "पूल बंद, गाड्या दुसऱ्या रस्त्याने, दुरुस्ती लवकरच. सगळं आलं. कठडा तुटून दोन माणसं गेली, ते कुठंय?"

काकांनी हातातल्या पेपरात पुन्हा पाहिले. तेही तिथे होतेच की! चांगला चार ओळींचा परिच्छेद, ठसठशीत. नजर त्याच्यावरून गेली होती, पण जीभ त्याला वळसा घालून पुढच्या ओळीवर जाऊन उभी राहिली होती.

"काका, बातमी वाचताय की अंगाई म्हणताय?" मागून कुणीतरी म्हणाले आणि वर्गात हशा पिकला. काकाही हसले. पण कानाच्या पाळ्या तापल्या.

विद्यापीठातला हा तास बुधवारचा. आपल्या प्रदेशात काय चाललंय ते बातम्यांमधून शिकायचं, असा विषय. शिकवणाऱ्या मॅडम वयाने काकांच्या लेकीएवढ्या, पण पूर्वी वर्तमानपत्रात काम करून आलेल्या, त्यामुळे शब्दाच्या पक्क्या. त्यांची रीत अशी, की प्रत्येकाच्या हातात प्रदेशातला वेगवेगळा पेपर द्यायचा, तोही तासाच्या वेळीच, म्हणजे घरून तयारी नाही. एकाने उभं राहून बातमी मोठ्याने वाचायची. बाकीच्यांनी तीच बातमी आपापल्या पेपरात बोट ठेवून ताडून बघायची आणि जिथे काही कमी-जास्त वाटेल तिथे बाकावर टकटक करायची. मग वाद. त्या वादातूनच शिक्षण, असं मॅडमचं म्हणणं.

"काका, वाचणाऱ्याने बातमीवर दया करायची नसते," मॅडम त्या दिवशी म्हणाल्या. रागावून नाही, समजावून.

दया! बरोबर शब्द सापडला होता त्यांना. आता यात काकांचाही दोष म्हणावा तर किती? उभा जन्म एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाटल्या भरण्यात गेलेला. पोरासोरांना कडू औषध द्यायचं तर ते पाकात घोळवून द्यायचं, हे हातात मुरलेलं. शिकायचं लहानपणीच राहून गेलं होतं. नोकरी संपली आणि विद्यापीठाने वयस्कर माणसांना वर्गात बसायची मुभा दिली, तेव्हा बायकोनेच त्यांना घराबाहेर काढलं. "घरात बसून माझ्या गोळ्या किती वेळा तपासाल? जा, शिका जरा. शाळेची हौस फिटली नाही म्हणून आयुष्यभर माझं डोकं खाल्लंत."

ती स्वतः शिवणाच्या बाई. नदीपलीकडच्या मुलींच्या शाळेत तिची सारी नोकरी झाली. कौलारू शाळा, लांबच लांब खिडक्या आणि एका खोलीत पायाने चालवायची शिवणयंत्रं ओळीने मांडलेली. मग डोळे हळूहळू गेले. आता तिला उजेड कळे, माणूस कळत नसे. पण देवाने डोळे नेले तरी बोटं तिच्यापाशी ठेवली होती. बटणं, हातशिलाई, उसवलेला काठ, सगळं ती चाचपून करी. काका सकाळी निघण्याआधी चार-सहा सुयांमध्ये दोरे ओवून सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवत, तेवढं तिला दिवसभर पुरे.

आणि त्याआधी चहाबरोबर पेपर. रेडिओ तिला चालत नसे. "तो आपल्याच तोंडाने बडबडतो. थांब म्हटलं तर थांबत नाही." तेव्हा वाचायचं काकांनी आणि ऐकायचं तिने. पहिल्या वर्षी एका आगीची बातमी ऐकून ती दिवसभर जेवली नव्हती. तेव्हापासून काका पेपर निवडून वाचू लागले, तांदूळ निवडतात तसा. अपघात, आगी, खून बाजूला. निधनाचं मागचं पान तर उघडायचंच नाही. त्यांच्या तोंडून तिला जे शहर ऐकू येई, ते देवाने निवांत बसून घडवल्यासारखं होतं. तिथे झाडं लावली जात, मुलं स्पर्धा जिंकत, नळाला पाणी येई आणि कुणी म्हणून मरत नसे.

"आपल्या गावात सगळंच बरं चाललंय हो," ती कधीकधी म्हणायची. त्या म्हणण्यात थोडी खोच असे का, हे काकांनी कधी तपासून पाहिलं नाही.

वर्गातल्या टकटकीची गोष्ट मात्र त्यांनी घरी रंगवून सांगितली. दोन माणसं तेवढी गाळून. ती खळखळून हसली. "छान आहे की तुमच्या मॅडमची युक्ती! माझ्या वर्गात असती तर मुली दिवसभर टकटकच करत बसल्या असत्या."

त्यानंतरच्या एका सकाळी आतल्या पानावर, जाहिरातींच्या गर्दीत, काकांना एक चौकट दिसली. नदीपलीकडच्या मुलींच्या शाळेची इमारत पाडून तिथे बसस्थानक करण्याचा नगरपालिकेचा विचार आहे; कुणाची हरकत असल्यास मंगळवारी सकाळी सभागृहात येऊन सांगावी.

काकांनी ती चौकट मनातल्या मनात दोनदा वाचली.

"थांबलात का?" तिने विचारले.

"चहा पितोय." त्यांनी घोट घेतला. "हं, ऐक. बागेतल्या फुलांचं प्रदर्शन लांबवलंय म्हणे आठवडाभर."

अजून कुठे काही ठरलंय, त्यांनी मनाला समजावलं. नुसता विचार आहे. असे विचार येतात नि जातात. तिचा रक्तदाब वाढलेला, डॉक्टर म्हणाले मनाला त्रास नको. ठरलं तर सांगू. मंगळवार आला आणि गेला. तिने त्या दिवशी त्यांच्या सदऱ्याची कॉलर उलटून शिवून दिली.

बुधवारी सकाळी घरचा पेपर आलाच नव्हता. तासाला मॅडमनी पेपर वाटले. "आज काका वाचतील. तिसरं पान, वरची बातमी."

काका उभे राहिले. मथळा वाचला आणि तो आपल्याच तोंडून बाहेर पडल्यावर त्यांना कळला. मुलींच्या शाळेची इमारत पाडण्यास मंजुरी.

पण ते वाचत राहिले. शाळा कधी बांधली, कौलं किती जुनी, बसस्थानक कसं होणार, मुलींना कुठे हलवणार. आवाज स्थिर होता. दवाखान्यात रडणाऱ्या मुलासमोर चमचा धरताना ठेवत, तसा. शेवटचा पूर्णविराम आला असं समजून ते खाली बसू लागले.

टकटक. एका बाकावरून, मग चहूकडून.

"काका," टाचणी म्हणाली, "शेवटचं वाक्य राहिलं. माझ्याकडे आहे, सगळ्यांकडे आहे."

"वाचा काका," मॅडम म्हणाल्या.

काकांनी पेपर डोळ्यांजवळ नेला. "हरकतींसाठी ठेवलेल्या वेळेत सभागृहात... सभागृहात एकही नागरिक आला नाही."

"म्हणजे बघा," टाचणी वर्गाकडे वळली. "एवढी जुनी शाळा, आणि कुणाला तिची पडलेलीच नव्हती. लिहायला पाहिजे हे."

"असं नको लिहूस," काका म्हणाले.

"का? बातमीच सांगतेय."

"एकीला पडली होती. तिला कळलं नाही."

"पेपरात तर आलं होतं, काका."

"पेपरात आलं होतं." काकांनी घडी घातली, नीट, कडेला कड लावून. "वाचून दाखवणाऱ्याने गाळलं."

टाचणीने हातातलं पेन खाली ठेवलं. मॅडमनी फळ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "काका, तुम्हाला घरी जायचं असेल तर जा," त्या हळूच म्हणाल्या.

ती खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून बसली होती. मांडीवर उशीचा अभ्रा. "आज लवकर? वर्गाबाहेर काढलं वाटतं!"

काका बूट न काढताच समोर बसले. बूट न काढल्याचं तिला ऐकू आलं. हातातली सुई थांबली.

"तुझी शाळा पाडणार आहेत."

तिने अभ्रा मांडीवर सरळ केला. मग म्हणाली, "कधी ठरलं?"

"काल. हरकत असेल तर या, म्हणून बोलावलं होतं. पेपरात आलं होतं गेल्या आठवड्यात."

"तुम्ही वाचलं नाहीत?"

"मी वाचलं. तुला वाचून दाखवलं नाही." "कुणी आलं नाही म्हणे. एकही माणूस नाही."

"मी गेले असते."

"शाळा काही वाचली नसती गं."

"वाचवायचं कोण म्हणतंय? मी उभी राहिले असते. इथे मुली शिवायला शिकल्या, पोटापाण्याला लागल्या, एवढं बोलले असते. ऐकणाऱ्यांनी ऐकलं असतं, नाही तर नाही. पण एकही माणूस नाही, असं तर छापून आलं नसतं."

"तुझ्या जिवाला त्रास नको म्हणून..."

"अहो, डोळे गेलेत माझे. छाती शाबूत आहे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने अभ्र्याची शिवण बोटांनी शेवटपर्यंत चाचपली, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

"आणखी कोण कोण गेलं?"

"म्हणजे?"

"न कळायला तुम्ही काही लहान नाही. मागचं पान मला कधी ऐकू आलेलं नाही. कोण कोण गेलं?"

काका खाली बघत म्हणाले, "चित्रकलेच्या बाई. मागच्या हिवाळ्यात."

"अगं बाई!" तिचा हात तोंडाशी गेला. "मी रुसून बसले होते हो तिच्यावर. एक फोन करत नाही म्हणून."

मग काकांनी एकेक करून सांगितलं. शाळेची घंटा देणारे मामा. समोरच्या चाळीतली तिची विद्यार्थिनी, बाळंतपणात. मोठ्या बाई. प्रत्येक माणसाला ती "बरं" म्हणत होती आणि थोडी थांबत होती, आत येणाऱ्याला बसायला जागा करून द्यावी तशी.

संध्याकाळी ती जेवली नाही. काकांनीही ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सुया ओवल्या, चहा केला. पेपर उघडणार तोच ती म्हणाली, "मागून सुरू करा."

त्यांनी मागचं पान उघडलं. देवाचं नाव घेतलं आणि निधनवार्ता वाचायला लागले. आधी एक निवृत्त ड्रायव्हर, मग एक आजी, मग एक तरुण मुलगा. कधी संपतंय असं झालं होतं त्यांना.

टेबलावर टकटक झाली. तिने बोटातलं शिवणाचं धातूचं अंगुस्तान लाकडावर वाजवलं होतं.

"आता काय गाळलं?" काका दचकून म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो, सगळं वाचलं."

"गाळलं नाही. घाई केलीत." तिने पदर सावरला आणि वर्गात मुली उभ्या राहत तशी ताठ बसली. "माणसं गेलीत ती. नावं सावकाश घ्या."

काकांनी चष्मा पुसला. बोट पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं आणि पुन्हा ड्रायव्हरपासून सुरुवात केली.