एक सपाट पेला

सिकंदराबादहून आलेल्या डॉक्टर हेमंत यांनी आणखी एक न फुटलेलं अंडं ओट्यावर आपटलं, टरफल सोलून पिल्लू तळहातावर घेतलं आणि बोटानं त्याचं डोकं वळवलं. डोळे नव्हते. चोच एका अंगाला वाकलेली. अशी वीसेक पिल्लं आधीच ओट्यावर ओळीनं मांडलेली होती. उबवणी यंत्रातून या खेपेला एकही जिवंत निघालं नव्हतं.

"सेलेनियम दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "कोंबडीला ते लागतंच, पण चिमूटभर. जास्त झालं की विष, माणसाची तर नखंसुद्धा तुटून पडतात. खाद्य कोण कालवतं?"

"मीच, साब," नागसेन म्हणाला.

"माप बदललं का?"

"नाही साब. वीस वर्षं तोच पेला."

हे खरं होतं, आणि घोळ तिथंच होता. नागसेनच्या हाताला तराजू लागत नाही, असं शेठ पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे आणि नागसेन मान खाली घालून ते गोड मानून घ्यायचा. खाद्याच्या एका घाण्याला सेलेनियमच्या पुडीचा एक सपाट पेला. नवा डबा आला तेव्हाही त्यानं लेबलाकडं ढुंकून पाहिलं नाही. जुनी पूड चुनखडीत कालवून सौम्य केलेली असे. नवी शुद्ध, कितीतरी पट जहाल. कोंबड्यांनी खाणं टाकलं तेव्हा त्यानं लेबल वाचलं. डबा विहिरीत गेला, पेला पोत्यांमागं. शेठला कळलं तर नोकरी जाणार, आवारातली खोलीही जाणार. तीन दिवस त्यानं तोंडाला कुलूप लावलं होतं.

"पुडीचा डबा पाहिल्याशिवाय किती गेलं ते कळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ही अंडी कुणी खाल्ली तर नाहीत?"

"नाही साब. सगळी यंत्रात जातात."

"नशीब. एखादी गरोदर बाई असती तर..."

नागसेननं ओट्यावरच्या पिल्लांकडं पाहिलं. तडकलेली अंडी कामगारांनी घरी न्यायची, ही इथली जुनी रीत. उलट्यांनी हैराण झालेली त्याची लेक दीक्षा तिसऱ्या महिन्यातच माहेरी आली होती. अंड्याला वास मारतो म्हणून ती तोंड फिरवायची. नागसेन समोर बसून खायला लावायचा. परवा ती आपली बोटं निरखत म्हणाली होती, "बाबा, नखं आपोआपच तुटायलीत."

तो उठला. पोत्यांमागं हात घातला आणि पेला आणून डॉक्टरांसमोर ठेवला.

"डबा मीच फेकला, साब. लेबल नंतर वाचलं. ह्याच्याएवढं, रोज."

डॉक्टरांनी पेला उचलून पाहिला. चेहरा कडक झाला.

"किती दिवस?"

"बेचाळीस."

"इतकं नेमकं कसं?"

"लेक आली त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा फोडला." "रोज दोन अंडी नेली तिच्यासाठी. पाचवा महिना लागलाय, साब. आता काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी हातमोजे काढले, खिशातला फोन काढला आणि इस्पितळाचा नंबर शोधता शोधता दुसऱ्या हातानं कोपऱ्यातलं रिकामं पोतं ओढून ओट्यावरच्या पिल्लांवर घातलं.