श्रावणाचा तिसरा दिवस

विचुंब्याच्या अलीकडच्या त्या गावात गटारीला कोंबडं जगत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून दारूला कुणी शिवत नाही. वर्षभर रोज संध्याकाळी टाकणारे बाप्येसुद्धा श्रावण लागला की एकदम सोवळ्यात. बायका या महिन्याची डोळे लावून वाट बघतात. रंजिताही बघायची.

रंजिता गावची आशाताई. चैत्रात आरोग्य केंद्रानं तिच्या हाती फॉर्मांचा गठ्ठा दिला. तिशीपुढच्या प्रत्येकाला विचारायचं, तंबाखू खाता का, दारू पिता का, रोज की कधीतरी. आता गावातला प्रत्येक पुरुष म्हणजे कुणी चुलतसासरा, कुणी दीर. ज्यांच्यासमोर मोठ्यानं हसायचं नाही, त्यांना विचारायचं की किती घेता? सासरे भगवान समोरच झोपाळ्यावर ग्लास घेऊन बसले होते, आणि तिनं त्यांच्या फॉर्मवर खाली मान घालून ‘नाही’ची खूण केली. मग घरच्यांना एक न्याय आणि बाहेरच्यांना दुसरा कशाला? ओटीवर बसून तिनं सगळ्याच पुरुषांना ‘नाही’ करून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. काम सगळ्यांत आधी संपवलं म्हणून केंद्रात तिचं कौतुकही झालं.

यंदा श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी भगवानना दरदरून घाम फुटला. हातात कपबशी ठरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीवरच्या मुंग्या झाडू लागले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती.

“बाबांच्या डोक्यात ताप गेलाय,” तिचा नवरा दीपेश म्हणाला. दोघांनी त्यांना गाडीत घालून केंद्रात आणलं. दीपेश बाहेर गाडीपाशीच थांबला.

डॉक्टर स्वानंद नवे, पण माणूस बारकाईनं बघणारा. त्यांनी भगवानचे थरथरते हात धरले, डोळे पाहिले आणि विचारलं, “दारू घेतात का?”

रंजितानं मागं वळून पाहिलं. बाकावर गावातली सहा-सात माणसं कान टवकारून बसली होती.

“फॉर्ममध्ये ‘नाही’ आहे,” नर्स म्हणाली.

“तुम्हीच भरलाय ना, ताई? मग प्रश्न मिटला. सुनेपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?” डॉक्टरांनी मलेरिया, डेंग्यूसाठी रक्त घ्यायला सांगितलं.

रोज पिणाऱ्यानं एकाएकी सोडली तर जिवावर बेततं, हे तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं. ते तिला आता आठवलं, शब्दन् शब्द आठवला. बोलावं तर सासऱ्यांची अब्रू जाते, आपलं खोटं उघडं पडतं. रिपोर्ट येईपर्यंत थांबू, असं तिनं स्वतःला समजावलं. अर्धा तास ती हाताची घडी घालून उभी राहिली.

मग भगवान खाटेवर ताठ झाले. डोळे फिरले, तोंडाला फेस आला, सगळं अंग झटके देऊ लागलं.

“पितात!” रंजिता ओरडली. “रोज पितात, डॉक्टर! तीन दिवसांपूर्वी एकदम सोडली. श्रावण पाळलाय.”

डॉक्टरांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि इंजेक्शनकडे धावले. झटके थांबले, पण भगवान शुद्धीवर आले नाहीत. पनवेलहून अॅम्ब्युलन्स मागवली गेली.

“चैत्रात कळलं असतं, तर हळूहळू सोडवली असती,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. त्या आवाजाचीच तिला जास्त भीती वाटली. “गावात अजून कुणी श्रावण पाळलाय?”

“सगळ्यांनीच.”

“आणि फॉर्म?”

“सगळे ‘नाही’.”

डॉक्टर खाली बसले. कागद पुढे ओढून म्हणाले, “रोज पिणाऱ्यांची नावं सांगा. आत्ताच्या आत्ता.”

बाकावरची माणसं चुळबुळली. त्यांच्याकडे न बघता रंजितानं पहिलं नाव घेतलं, “दीपेश भगवान.”

“माजं नाव कशाला घेतंस गो?” आरडाओरडा ऐकून दारात येऊन उभा राहिलेला दीपेश हसला. कपाळावरून घाम निथळत होता. “मला काय झालंय? तीन दिवस थेंबाला शिवलो नाय मी!”

आणि त्यानं दोन्ही हात पटकन पाठीमागे नेले.