बंद कपाटातला अपघात

साहेबांच्या कपाटातल्या गाड्यांना तोवर कधी अपघात झाला नव्हता. व्हायचं काही कारणही नव्हतं. गाड्या प्लॅस्टिकच्या, वीतभर लांब, काचेच्या दारामागे ओळीनं उभ्या. त्यांना ना इंजिन, ना ड्रायव्हर.

खरे अपघात मात्र साहेबांच्या रोजच्या पाहण्यातले. उभा जन्म त्यांनी विम्याच्या सर्व्हेअरची नोकरी केली. ठोकलेली गाडी गॅरेजात आली की तिच्याभोवती फिरायचं, पत्रा कुठे दबलाय, कुठे फाटलाय ते बघायचं, आणि कुठलं नुकसान खरं, कुठलं मालकानं हळूच त्यात घुसडलंय ते ठरवायचं. गॅरेजवाले त्यांना साहेब म्हणत आणि ते नाव त्यांच्यामागे घरापर्यंत आलं. त्यांची बायको बालवाडीत शिकवायची, म्हणून ती सगळ्या गल्लीची बाई. दोघं निवृत्त झाली तरी साहेब साहेबच राहिले आणि बाई बाईच.

दिवसभर मोडक्या गाड्या पाहून आलेल्या माणसाला घरी धडधाकट गाड्या बघाव्याशा वाटल्या, तर त्यात नवल नाही. साहेब त्या स्वतः बनवत. खोका आणायचा, सुटे भाग कटरनं एकेक करून कापायचे, बारीक पॉलिशपेपरनं घासायचे, प्रायमरचा हात द्यायचा, मग एअरब्रशनं खरा रंग, पातळ थरांत. रंग ओला असताना खोलीत पंखा लावायचा नाही, झाडू मारायचा नाही आणि, बाईंच्या म्हणण्याप्रमाणे, श्वासही घ्यायचा नाही. डॅशबोर्डवरचे काटे ते दोन केसांच्या ब्रशनं रंगवत आणि मग वरून टप चिकटवून टाकत. हे आता कुणाला दिसणार, असं बाईंनी एकदा विचारलं होतं. त्यावर साहेब महिनाभर तरी दुखावलेले होते.

त्यांचा एक हट्ट होता. पुढची चाकं सरळ पाहिजेत. खोक्यातल्या कागदावर चाकं वळती ठेवायची युक्ती दिलेली असायची, पण साहेब तिथे गोंदाचा थेंब सोडून ती कायमची सरळ करून टाकत. चाक वाकडं म्हणजे गाडी ठोकलेली, हे नोकरीनं त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

तर असे हे डोळ्यात तेल घालून बघणारे साहेब, आणि नेमके त्यांचेच डोळे दगा द्यायला लागले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका मशीनसमोर बसवलं. आत बारीक दिवे लुकलुकणार, दिसला की बटण दाबायचं. साहेबांनी मन लावून दाबलं, काही वेळा तर नुसत्या अंदाजानंही दाबलं. मशीन फसलं नाही. डाव्या बाजूची नजर गेली आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. समोरचं स्वच्छ दिसतंय, तेव्हा गाड्या खुशाल रंगवा. चालवू मात्र नका, आजपासूनच. साहेबांनी मान डोलावली, फी दिली, खाली आले आणि गाडी चालवत घरी गेले.

घरी सांगितलं, डोळ्यांत प्रेशर आहे, थेंब दिलेत. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पुढचं त्यांनी गिळून टाकलं, कारण त्यांची पाचावर धारण बसली होती. किल्ली खाली ठेवली की आपण संपलो, असं त्यांना वाटत होतं. मग कुणीतरी नेईल तेव्हा जायचं, आणील तेव्हा यायचं, आणि दाराशी चपला घालून तयार बसायचं. ते गाडी काढत राहिले, फक्त जवळपास, फक्त सावकाश. फाटकाच्या खांबाला डावा आरसा घासला तेव्हा खांबच कुणी पुढे सरकवून बांधलाय, असं त्यांनी बाईंना सांगितलं. ज्या माणसानं हजार लोकांच्या असल्या सबबी खोडून काढल्या, त्याला याहून बरी सबब सुचू नये, हीच मोठी शोकांतिका. बाईंनी एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

आणि मग एका सकाळी कपाटातल्या गाड्यांवरची धूळ मऊ ब्रशनं झटकताना साहेबांचा हात थांबला. क्रीम रंगाच्या लांब गाडीची पुढची चाकं वळलेली होती.

त्यांनी गाडी उचलली, उजेडात नेली, भिंग लावलं. गोंदाचा जोड तुटलेला. मागच्या बंपरवर मोहरीएवढा टवका, आणि त्या टवक्यात लाल रंग. साहेबांचं रक्त खवळलं, पण सर्व्हेअर आतून जागाही झाला. लाल रंग लागलाय म्हणजे लाल गाडी गुंतलेली आहे. त्यांनी छोटी लाल गाडी काढली. तिचा एक आरसा मोडून परत चिकटवलेला, तोही वाकडा, आणि चिकटवायला वापरलेला डिंक शाळेच्या हस्तकलेतला. आता आरोपी शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. रिव्हर्स घेताना मागच्या गाडीवर आदळल्याचं उघड होतं. फक्त बंद कपाटात ही रिव्हर्स घेतली कुणी आणि कशासाठी, हे साहेबांच्या बुद्धीपलीकडचं होतं.

बाई ओट्याशी उभ्या होत्या. साहेबांनी दोन्ही गाड्या टेबलावर ठेवल्या आणि जबाब मागितला. बाईंनी हात पुसले आणि जबाब दिला, न अडखळता. आपण ड्रायव्हिंग स्कूलला जातो. शिकाऊ लायसन्स मिळालंय. शिकवणारी मुलगी चांगली आहे, पण पार्किंग डोक्यात शिरत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, काकू, घरी खेळण्यातल्या गाड्या घेऊन टेबलावर करून बघा. घरात गाड्या होत्याच. चाकं वळेनात म्हणून जरा जोर लावला.

खेळण्यातल्या, हा शब्द साहेबांना बंपरच्या टवक्यापेक्षा जास्त लागला. पण त्याहूनही खोल लागलं ते ड्रायव्हिंग स्कूल. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या आगीच्या खाली जी गार भीती होती ती त्यांनी स्वतःलासुद्धा दाखवली नाही.

"घरात चालवणारा मी आहे ना?" ते म्हणाले.

"आहात की," बाई म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हटलं?"

या उत्तरात पकडायला जागा नव्हती. साहेब गाड्या उचलून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून बसले. दुपारी जेवायला तेवढे बाहेर आले. बाईंनी वाढलं आणि बाहेर निघून गेल्या, बहुधा शिकायलाच.

साहेबांना राग धरायचा होता, पण हातात मोडलेली वस्तू असली की त्यांना राग धरवत नसे. त्यांनी टवका घासून सपाट केला, भोवती मास्किंग टेप लावली, क्रीम रंग कालवला. नुसता क्रीम नाही, त्यात पिवळ्याचा अगदी थेंब, कारण जुना रंग उन्हानं किंचित उतरला होता. मग ते चाकांकडे वळले. गोंदाचा नवा थेंब सोडायचा आणि मोकळं व्हायचं. बाटली उघडली आणि ते थबकले. ही बाई पुन्हा कपाट उघडणार, हे तर नक्की. पुन्हा चाकं वळवणार, पुन्हा तोडणार. आणि सरळ चाकांवर रिव्हर्स शिकली तर सगळंच चुकीचं शिकणार, ते काय कामाचं? वाकडं काम त्यांना स्वतःचं खपत नसे, तसं दुसऱ्याचंही खपत नसे.

त्यांनी पातळ पात्यानं उरलेला गोंद खरवडला, तारेची टाचणीएवढी खीळ करून ती चिमट्यानं आत बसवली आणि बोट लावून पाहिलं. चाकं डावीकडे गेली, उजवीकडे आली. इतक्या वर्षांत त्यांची एकही गाडी वळली नव्हती. हे बघताना साहेबांना बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचा जरा रागही आला.

संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर मास्किंग टेपच्या पट्ट्या मारून रस्ता आखला, कडेला पार्किंगची जागा सोडली, पुढेमागे दोन गाड्या लावल्या आणि बाईंना हाक मारली. शिकायचंच तर नीट शिक, एवढंच म्हणाले. मागचं चाक पुढच्या गाडीच्या बंपरशी आलं की पूर्ण वळव, मग अर्ध्यावर थांब, मग उलटं. बाईंनी वाकून तसं केलं. पहिल्यांदा कडेवर चढल्या, दुसऱ्यांदा मागच्या गाडीला टेकल्या, तिसऱ्यांदा क्रीम गाडी अलगद जागेत जाऊन बसली. बालवाडीत ज्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना नाडी बांधायला शिकवली, त्या बाई स्वतः नवीन काही शिकल्या की लहान मुलीसारख्या हसत. साहेब समजावण्याच्या नादात जरा पुढे सरकले, आणि त्यांच्या डाव्या कोपरानं लाल गाडी टेबलावरून खाली ढकलली.

ती तिथे आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आवाज झाला तेव्हा ते दचकले आणि भलतीकडेच बघू लागले. बाईंनी खाली वाकून गाडी उचलली, मोडलेला आरसा वेचला आणि साहेबांच्या उजव्या हाताशी दोन्ही ठेवली. तुमच्या डिंकानं चिकटवा या वेळी, म्हणाल्या.

शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवाल्या कुणाला तरी बसावं लागतं. शिकवणाऱ्या मुलीला सुट्टी होती त्या दिवशी बाईंनी साहेबांना विचारलं आणि साहेब गेले. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. शेजारच्या सीटवर बसायची त्यांना सवय नव्हती. पाय आपोआप ब्रेक शोधत होता, तिथे नुसतं पायपुसणं होतं. बाई हळू चालवत होत्या, आरशात बघत होत्या, गिअर टाकताना ओठ दाबत होत्या. चालवत होत्या बऱ्यापैकी, हे साहेबांना कबूल करावं लागलं, अर्थात मनातल्या मनात.

मोठ्या रस्त्याला लागायच्या कोपऱ्यावर एक टेम्पो उभा होता. त्यामुळे बाईंना डावीकडचं काही दिसेना. त्यांनी गाडी थांबवली.

"अहो, तुमच्या बाजूनं बघा. कुणी येतंय का?"

साहेबांनी पाहिलं. समोर रस्ता होता, त्याच्या कडेला भिंत होती, आणि तिच्या डावीकडे काहीच नव्हतं. काळोखही नव्हता. नुसतं काही नव्हतं. मोकळं आहे, हे शब्द त्यांच्या जिभेवर येऊन बसले. म्हणायला काय लागतं? बहुतेक वेळा रस्ता मोकळाच असतो.

आणि मग त्यांना गॅरेजातले ते सगळे लोक आठवले. चुरगळलेल्या बॉनेटशी उभे राहून, हात चोळत, खालच्या आवाजात तेच ते एक वाक्य सांगणारे. साहेब, तो मला दिसलाच नाही. कुणी सायकलवाल्याबद्दल सांगायचा, कुणी म्हाताऱ्या बाईबद्दल, एकदा एक बाप स्वतःच्याच पोराबद्दल सांगत होता. साहेबांनी ते वाक्य प्रत्येक रिपोर्टात उतरवून घेतलं होतं आणि एकदाही खरं मानलं नव्हतं. दिसत नाही म्हणजे काय, डोळे कुठे होते, असं त्यांनी त्या बापालासुद्धा विचारलं होतं.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. बाईंनी क्लचवरचा पाय किंचित हलवला.

"थांब," साहेब म्हणाले. "मला विचारू नकोस. मला या बाजूचं दिसत नाही."

बाईंनी ब्रेक दाबून धरला. मागचा पुन्हा वाजवू लागला.

"डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती," साहेब म्हणाले. "मी तुला सांगितलं नाही. तुला शेजारी बसवून हिंडवत राहिलो."

"सांगाल कधीतरी, म्हणून वाट बघत होते," बाई म्हणाल्या. त्यांची नजर रस्त्यावरच होती आणि डोळे भरलेले होते. "नाहीतर या वयात मला कसली आलीय हौस क्लच दाबायची? तुमच्या शेजारी बसायची भीती वाटायला लागली होती मला. आणि तुम्हाला एकट्याला पाठवायची त्याहून जास्त."

इतके दिवस आपण लपवतोय असं ते समजत होते, आणि ही बाई रोज जीव मुठीत धरून त्यांच्या शेजारी बसत होती.

"आता मान वळवा," बाई म्हणाल्या. "अर्धवट नको, पूर्ण वळवा. रस्ता समोर येऊ दे. मागच्याला वाजवू दे काय वाजवायचंय ते."

साहेबांनी पट्टा सैल केला, खांद्यासकट वळले, हनुवटी काचेपर्यंत नेली. टेम्पोच्या पुढून रस्ता हळूहळू त्यांच्या नजरेत शिरला, आधी गटाराचं झाकण, मग एका दुकानाची पायरी, मग सायकलवरून येणारी एक मुलगी, पाठीवर दप्तर, एका हातानं केस सावरत.

"मुलगी आहे, सायकलवर," ते म्हणाले. "जाऊ दे तिला."

मुलगी बॉनेटसमोरून निघून गेली. तिनं यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता?"

साहेबांनी पुन्हा एकदा पायरीपासून वळणापर्यंत सगळा रस्ता पाहून घेतला.

"आता कुणी नाही," ते म्हणाले. "चल. सावकाश."